मिड-ड्राइव्ह : खोलता येणाऱ्या आणि कुलूपबंद मोटरी

आपल्या रस्त्यांवर दिसणारी इलेक्ट्रिक सायकल बहुधा हब मोटरची असते. मोटर चाकाच्या मध्यात बसते, चेनशी तिचे काही देणेघेणे नसते. पुण्याच्या ईमोटोरॅडपासून हिरो लेक्ट्रोपर्यंत परवडणाऱ्या सायकलींचा बाजार मुख्यतः याच बांधणीवर उभा आहे, आणि सपाट शहरी रस्त्याला ती पुरतेही. घाट चढायचा असला, मागे ओझे असले किंवा मातीच्या वाटेने डोंगरात शिरायचे असले की मात्र गोष्ट मिड-ड्राइव्हकडे वळते. इथे मोटर फ्रेमच्या तळाशी, पॅडलांचा आस जिथून जातो त्या बॉटम ब्रॅकेटपाशी असते आणि तुमचे पाय जी चेन ओढतात तीच चेन तीही ओढते. त्यामुळे मागचे सगळे गिअर तिला वापरता येतात. तिचा मोठा गुण हा, आणि तिच्या निम्म्या दुखण्यांचे मूळही हेच.

यामाहाने १९९३ साली जपानात ‘पास’ ही सायकल आणली, तेव्हापासून पॅडलला मदत करणाऱ्या मोटरीची ही शाखा सुरू झाली. जर्मनीची बॉश कंपनी २०१० मध्ये या धंद्यात उतरली आणि युरोपात मिड-ड्राइव्ह हीच चांगल्या ई-सायकलची ओळख झाली. मागोमाग शिमानो आली, बर्लिनची ब्रोझे आली. तिकडे चीनमधल्या सुझौच्या बाफांगने वेगळी वाट धरली : घरात धूळ खात पडलेल्या साध्या सायकलीला लावता येईल अशी मोटर. बीबीएस-०२ आणि तिची थोरली बहीण बीबीएसएचडी ही त्या वाटेची प्रसिद्ध नावे. त्याच चीनमधल्या टोंगशेंगची टीएसडीझेड-२ ही त्यांची स्वस्त आणि हलकी स्पर्धक. अशी आज दोन कुळे झाली आहेत. एक कारखान्यातच सायकलीसोबत जन्मलेले आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरने बांधलेले, दुसरे खोक्यातून येणारे आणि पान्यांनी बसवायचे. दुरुस्ती असो की अपग्रेड, मोटर कोणत्या कुळातली हे कळल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

दोन्ही कुळांना लागू असलेली गोष्ट आधी सांगतो. ‘मोटर गेली’ म्हणून जी सायकल मिस्त्रीपुढे येते, तिच्यात बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते. बिघाड असतो तिच्या भोवतीच्या किरकोळ मंडळींत. खोक्यातून येणाऱ्या संचांत ब्रेकच्या दांड्यात मोटर बंद करणारा एक छोटा स्विच असतो. दांडा पूर्ण परत आला नाही, की मोटरला वाटते ब्रेक दाबलेलाच आहे, आणि ती गप्प बसते. मागच्या चाकाच्या तारेवरचे चुंबक सरकते आणि स्पीड सेन्सर आंधळा होतो. बॉशच्या पुस्तिकेत चुंबक आणि सेन्सर यांच्यातले अंतर कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १७ मिलिमीटर असावे असे स्पष्ट लिहिले आहे. ते बिघडले की पडद्यावर ५०३ हा आकडा येतो आणि मालक घाबरून दुकान गाठतो. बाफांगच्या पडद्यावर याच दुखण्याचा आकडा २१. त्याच पडद्यावर ३० दिसला तर डिस्प्ले आणि कंट्रोलर यांचे बोलणे तुटले आहे असे समजावे. तिथे पहिला संशय जोडणीच्या गोल कनेक्टरवर घ्यावा, कारण त्यातल्या बारीक पिना वाकडे घुसवले की दुमडतात. कोकणातल्या चार पावसाळी महिन्यांत त्यात पाणी शिरून हिरवा गंज धरतो तो वेगळाच. कनेक्टर उघडून, वाळवून, डायलेक्ट्रिक ग्रीसचा हलका हात देऊन परत जोडला तर काम भागण्याची शक्यता बरीच.

टॉर्क सेन्सर असलेल्या मोटरींचा एक खोडसाळ प्रकार आहे. टीएसडीझेड-२ सुरू होताना पॅडलवरचा भार मोजते आणि तोच शून्य धरते. स्वार एक पाय पॅडलवर टेकवून बटण दाबतो, मग पायाचे वजनच शून्य ठरते आणि पुढे कितीही जोर लावला तरी मदत अपुरी मिळते. शिमानोच्या पडद्यावर अशा वेळी डब्ल्यू०१३ ही सूचना येते. उपाय एका ओळीचा : बंद करा, दोन्ही पाय जमिनीवर घ्या, पुन्हा सुरू करा. यासाठी कुणी नवा सेन्सर विकत असेल तर त्याला नमस्कार करून बाहेर पडावे.

बॅटरीचे प्रकरण जरा खोल आहे. सपाटीवर सायकल झकास पळते आणि चढावर खाडकन बंद पडते. काही सेकंदांनी पुन्हा सुरू होते. याला मोटरचा दोष म्हणणारे पुष्कळ भेटतात. खरे म्हणजे चढावर करंट वाढतो, थकलेल्या सेलचे व्होल्टेज त्या ओझ्याखाली खचते आणि बॅटरीतले बीएमएस, म्हणजे सेलचे रक्षण करणारे सर्किट, दार लावून घेते. कधी जोडीच मुळात विजोड असते. कंट्रोलर २५ अँपिअर मागणारा, बीएमएस २० अँपिअरला हात वर करणारे. मल्टिमीटर लावून चढावर व्होल्टेज पाहिले, की मिनिटभरात निकाल लागतो. मला विचाराल तर मिड-ड्राइव्हवाल्याने महागडा पाना घेण्याआधी बरा मल्टिमीटर घ्यावा.

आता मोटरकडे. बीबीएसच्या मालकाला पहिल्याच महिन्यात भेटणारे दुखणे विजेचे नाहीच. ही मोटर बॉटम ब्रॅकेटच्या नळीतून आरपार जाते आणि डाव्या बाजूला चुडीने, म्हणजे लॉकरिंगने, आवळलेली असते. पॅडलच्या प्रत्येक झटक्याला मोटर फ्रेमवर उलटा जोर टाकते. चुडी जराशी सैल असली तरी मोटर डुगडुगू लागते आणि पुढे आटे खाते. बसवताना भरपूर ताकदीने आवळावी, थोडी चालवल्यावर पुन्हा आवळावी आणि तिच्यावर रंगाची एक रेघ मारून ठेवावी, म्हणजे सरकली तर डोळ्याला दिसते. चौकोनी आसावरच्या क्रँकचेही तसेच. बोल्ट ढिला ठेवून चालवला की क्रँकचे मऊ ॲल्युमिनियम गोल होते, मग आवळूनही उपयोग नाही.

आतला मुख्य कच्चा दुवा म्हणजे नायलॉनचा गिअर. मोटरचा रोटर फार वेगाने फिरतो आणि पायांचा वेग त्यामानाने कूर्मगतीचा. दोघांची गाठ घालायला बीबीएस-०२ मध्ये दोन टप्प्यांत सुमारे २२ पट गती उतरवली जाते. पहिल्या टप्प्यातले मोठे दातेरी चक्र नायलॉनचे आहे. पोलादाला पोलाद भिडवले असते तर आवाज असह्य झाला असता. शिवाय काही अडकलेच तर स्वस्त दाते मोडावेत आणि महाग भाग वाचावेत, असाही फायदा यात आहे. हे चक्र मरते ते उष्णतेने आणि कोरडेपणाने. कारखान्यातून येणारे ग्रीस हात राखून लावलेले असते ही जुनी तक्रार आहे, आणि वापरलेली मोटर उघडली की ती खरी वाटते. उजवा क्रँक पुलरने ओढायचा, चेनरिंगचे पाच बोल्ट काढायचे, आतले झाकण उचलायचे. आत ग्रीस असते, पण घराच्या भिंतीवर फेकलेले, काळपट, आणि दातांवर नुसती चमक. ते पुसून काढायचे, दाते निरखायचे, कडा वितळल्यासारख्या दिसल्या तर चक्र बदलायचे. नवे ग्रीस प्लॅस्टिकला न खाणारे, कृत्रिम तेलाचे हवे. मोबिलग्रीज २८ हे लाल ग्रीस या कामासाठी जगभर आवडीचे ठरले आहे. दातांच्या फटी भराव्यात, घर ठासून भरू नये. मोटर एकाच दिशेने जोर देईल अशी व्यवस्था करणारा आतला क्लच चिकट ग्रीसमध्ये बुडवू नये, नाहीतर रोलर धरायच्या ऐवजी घसरतात आणि मोटर नुसती घुंई करते. हे काम बेताच्या हत्यारांनी एका सकाळी होते, आणि मोटरचे आयुष्य वाढवणारी याहून स्वस्त गोष्ट माझ्या माहितीत नाही.

टीएसडीझेड-२ मध्येही निळ्या नायलॉनचे असेच चक्र आहे. त्याच्या जागी पितळेचे बसवण्याची टूम मध्यंतरी फार चालली. पितळेचे टिकते खरे, पण आवाज वाढतो आणि झटका पुढच्या भागांवर, म्हणजे क्लचवर जातो. मी तरी निळेच ठेवीन आणि एक जास्तीचे घरात ठेवीन.

कंट्रोलर जळणे हा प्रकार बीबीएस-०२ च्या सुरुवातीच्या खेपांत इतका झाला की त्या मोटरीची ओळखच तशी झाली. कंट्रोलरमधले मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे अर्धवाहक स्विच, ताण सोसत नसत. पुढच्या खेपांत बाफांगने ते सुधारले. तपासणीत इथे एक गंमत आहे. हब मोटरचा मॉस्फेट शॉर्ट झाला तर चाक हाताने उलटे फिरवताना अडखळते, त्यामुळे निदान बसल्या जागी होते. मिड-ड्राइव्हमध्ये मधला क्लच मोटरला पॅडलपासून सोडवतो, म्हणून क्रँक मोकळा फिरतो आणि काहीच कळत नाही. इथे कंट्रोलर सुटा करून तीन फेजच्या तारा आणि बॅटरीची ऋण तार यांच्यात मल्टिमीटरच्या डायोड मोडवर मोजावे लागते. एखादी जोडी शून्याजवळ दाखवत असेल तर तिथला मॉस्फेट मेला. रोटरची जागा सांगणाऱ्या हॉल सेन्सरला ५ व्होल्ट देऊन रोटर हळू फिरवला तर त्याचा इशारा वर-खाली व्हायला हवा. एकाच ठिकाणी अडून बसला तर सेन्सर किंवा त्याची तार गेली. बाफांगच्या पडद्यावर या दुखण्याचा आकडा ०८.

हे सगळे झाले तरी मूळ शत्रू एकच उरतो, तो म्हणजे उष्णता. आणि ती निर्माण करतो बहुतेकदा स्वारच. तांब्याच्या वेटोळ्यांतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट दुप्पट तर उष्णता चौपट. मोटर वेगाने फिरत असताना तेच काम थोड्या करंटात करते, आणि जड गिअरमध्ये रखडत असताना करंट नुसता पीत राहते. मोटारसायकलवाला सिंहगडाच्या चढाला टॉपमध्ये कण्हत जात नाही, खाली उतरतो. पण थ्रॉटल हाताशी आल्यावर सायकलवाला मात्र सगळ्यात छोट्या चाकीवर चेन ठेवून चढ चढतो आणि वर पोचल्यावर मोटरवर हात ठेवून चटका बसला म्हणून कंपनीला शिव्या देतो. पाय मिनिटाला ७०-८० फेऱ्या मारत राहतील असा गिअर ठेवणे, हीच खरी देखभाल.

आता अपग्रेड. लोकांना हवी असते ती ताकद, पण करण्यासारखी कामे बहुधा दुसरीच असतात. बीबीएस-०२ आणि बीबीएसएचडीच्या यूएआरटी पद्धतीच्या कंट्रोलरला यूएसबी केबल लावून आतली मांडणी बदलता येते. कारखान्याची मांडणी सहसा झटका देणारी असते. पॅडल हलले की धाडकन करंट. सुरुवातीचा करंट कमी करणे, हळू सुरुवात वाढवणे, पॅडल थांबताच मोटर लवकर थांबेल असे पाहणे, आणि मुख्य म्हणजे कमाल करंट २५ वरून १८-२० अँपिअरवर आणणे. एवढ्याने मोटर गार राहते, चेन वाचते, आणि सायकल घोड्यासारखी उधळायची थांबते. ताकद घटवणे हे अपग्रेड कसे, असे वाटणाऱ्याने पावसाळ्यात गोटे असलेल्या वाटेवर दोन्ही मांडण्या चालवून पाहाव्यात.

टीएसडीझेड-२ ची कथा अधिक रंजक आहे. तिच्या एसटीएम-८ मायक्रोकंट्रोलरमधले मूळ सॉफ्टवेअर पुसून हौशी मंडळींनी स्वतःचे, खुले, कुणालाही वाचता-बदलता येणारे फर्मवेअर लिहिले. एसटी-लिंक नावाचा स्वस्त प्रोग्रॅमर लावला की ते भरता येते. त्याने मोटर शांत होते, टॉर्क सेन्सरचे मोजमाप नीट लावता येते, आणि थ्रॉटलच्या तारेवर एलएम-३५ हा छोटा तापमान-सेन्सर जोडून पडद्यावर मोटरचे तापमान पाहता येते. ठरावीक अंशांवर मोटर स्वतःच दम घेते. जोडीला मोटर आणि ॲल्युमिनियमचे झाकण यांच्यामधल्या हवेच्या फटीत थर्मल पॅड बसवतात, म्हणजे आतली उष्णता बाहेरच्या धातूला मिळते. थोडक्या खर्चात या मोटरीला याहून मोठी बढती मिळत नाही. दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. मूळ सॉफ्टवेअर एकदा पुसले की परत मिळत नाही, आणि वॉरंटीही त्याच क्षणी संपते.

व्होल्टेज वाढवण्याचा मोह सार्वत्रिक आहे. ४८ व्होल्टची म्हणून विकली जाणारी १३ सेलच्या मालिकेची बॅटरी पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट दाखवते, आणि ‘५२ व्होल्टची’ १४ सेलची ५८.८. बीबीएसएचडीचा कंट्रोलर ६० पर्यंतच्या हिशेबाचा असल्याने १४ सेल चालून जातात. चढावर व्होल्टेज खचले तरी हाती थोडे जास्त उरते, म्हणून हे अपग्रेड समजण्यासारखे आहे. ७२ व्होल्टची बॅटरी त्याच कंट्रोलरला लावणे हा मात्र थेट आत्मघात. ज्यांना तेवढे हवेच असते ते बाहेरचा कंट्रोलर लावतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ग्रिन टेक्नॉलॉजीजचा फेजरनर हे त्यातले जाणते नाव. पण मग चेन, चाकी, फ्रीहब, सगळेच त्या ताकदीपुढे अपुरे पडते आणि खर्चाचे चक्र संपत नाही.

चेन हा या सायकलचा खरा उपभोग्य माल आहे. मोटर आणि पाय मिळून जे ओढतात ते सगळे तिच्या पिनांतून जाते. मापनपट्टी ०.५ टक्के ताण दाखवू लागली की चेन बदलावी. ०.७५ पर्यंत थांबलात तर कॅसेटही जाते. अकरा-बारा चाक्यांची अरुंद चेन मिड-ड्राइव्हला सोसवत नाही, आठ-नऊ गिअरची जाड चेन बरी. स्रॅमने ईएक्स-१ हा आठ गिअरचा खास ई-सायकलचा संच २०१६ मध्ये काढला, शिमानोने लिंकग्लाइड आणला, त्यामागे हेच गणित. गिअर बदलताना मोटरचा जोर क्षणभर सोडावा. तो आपोआप सोडणारा गिअर-सेन्सर बीबीएसला लावता येतो, आणि मी त्याला चैन मानत नाही.

कुलूपबंद कुळात चित्र वेगळे आहे. बॉश किंवा शिमानोची मोटर खराब झाली तर विक्रेता ती उघडत नाही, अख्खी बदलतो. वॉरंटी असेपर्यंत हे सोयीचे आहे, त्यानंतर तीच सोय खिशावर येते. बॉशच्या २०१४ च्या सुमाराच्या पिढीत चेनरिंग लहान होती आणि पायांच्या एका फेरीत अडीच फेऱ्या फिरायची. तिच्याजवळच्या बेअरिंगमध्ये चिखल-पाणी शिरून ते खरखरू लागत. कंपनी सुटे बेअरिंग विकत नसल्याने युरोपात स्वतंत्र कारागिरांनी त्यांचे संच काढले, पाणी अडवणाऱ्या चकत्या काढल्या आणि तो स्वतंत्र धंदाच झाला. ब्रोझेच्या मोटरीत आत दात्यांऐवजी पट्टा आहे. त्यामुळे ती सुरेख शांत चालते, पण पट्टा तुटला की तीच गत. आता ब्रोझेचा हा धंदा यामाहाने घेतला आहे.

या कुळात अपग्रेडही कंपनीच्या हातून येते. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्सचा टॉर्क २०२० मध्ये नुसत्या सॉफ्टवेअरने ७५ वरून ८५ न्यूटन-मीटर झाला. २०२४ मध्ये ड्रोनवाल्या डीजेआयने १०५ न्यूटन-मीटरची अविनॉक्स मोटर, वजन अडीच किलोच्या आसपास, बाजारात आणली आणि सगळ्यांची झोप उडाली. पुढच्याच वर्षी बॉशने नव्या सीएक्सला ॲपमधून १०० न्यूटन-मीटर दिले. लोखंड तेच, फक्त परवानगी वाढली. तीच परवानगी तुम्ही स्वतः घेऊ पाहिलीत, म्हणजे वेगमर्यादा फसवणारी चिप लावलीत, तर बॉशची यंत्रणा ते ओळखते, ५०४ दाखवते, आणि पुन्हा पुन्हा केलेत तर विक्रेत्याकडे गेल्याशिवाय सुटका नाही. बाफांगनेही नव्या मोटरींत कॅन-बस ही संवादपद्धत आणून जुन्या यूएसबी केबलची वाट बंद केली. म्हणजे उघडे कुळही हळूहळू कुलूप लावून घेते आहे. युरोपीय संघाच्या बॅटरी-नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून ई-सायकलची बॅटरी स्वतंत्र कारागिराला बदलता आली पाहिजे. मोटरबद्दल असे बंधन त्यात नाही.

आपल्या कायद्याकडे किटवाले सहसा पाहत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पॅडल मारायची ई-सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही, पण कधी? तिच्या मोटरीची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी असेल, ताशी २५ किलोमीटर वेगाला किंवा पॅडल थांबताच मोटर मदत थांबवत असेल, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेने तो नमुना तपासलेला असेल तर. ७५० वॉटची बीबीएस-०२ थ्रॉटलसह लावलेली सायकल या व्याख्येत बसत नाही. अपघात झाला तर ती नोंदणी नसलेले, विमा नसलेले वाहन ठरेल. हौसेखातर खासगी जागेत काय करायचे ते करा. रस्त्यावर आणताना हे माहीत असलेले बरे.

महाराष्ट्रात राहणाऱ्याने मिड-ड्राइव्ह घ्यायचीच असेल तर माझा कौल आजही उघड्या कुळाला आहे, आणि तोही थोरल्या ताकदीच्या नव्हे तर २५० वॉटच्या मोटरीला. कागदावरचे न्यूटन-मीटर नंतर पाहा. आधी विक्रेत्याला विचारा, की नायलॉनचे चक्र, कंट्रोलर, स्पीड सेन्सर आणि टॉर्क सेन्सर सुटे मिळतात का, किती दिवसांत आणि कितीला. उत्तर ‘अख्खी मोटर बदलून देऊ’ असे आले तर वॉरंटी संपल्यावर त्या मोटरीची किंमत काय असेल, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या.